समुदायाच्या लिनक्सला बंदी घालणाऱ्या खरेदी समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणक खरेदी समिती,
नाशिकमधील एक शिक्षण संस्था

विषय: प्रयोगशाळांतून फेडोरा, डेबियन व सेंटॉस स्ट्रीम काढून टाकण्याच्या अटीबाबत

महोदय,

आपल्या समितीने नव्या शैक्षणिक वर्षासाठी काढलेल्या परिपत्रकात अशी अट घातली आहे की, संस्थेच्या सर्व महाविद्यालयांतील सर्व्हर, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणच्या संगणकावर फक्त सशुल्क सबस्क्रिप्शनचे एंटरप्राइझ लिनक्स असेल, आणि फेडोरा, डेबियन, ओपनसुसे व सेंटॉस स्ट्रीम ही ‘समुदायाने चालवलेली व कोणाचीही जबाबदारी नसलेली’ डिस्ट्रिब्युशन्स (लिनक्सचे वापरायला तयार संच) सत्र सुरू होण्याआधी काढून टाकली जातील. संस्थेच्या यंत्रांवरून कर्मचाऱ्यांनी किंवा विद्यार्थ्यांनी बाहेरच्या कोणत्याही प्रकल्पाकडे बग नोंदवू नयेत, असेही त्यात पुढे बजावले आहे. या दोन्ही गोष्टींना माझी हरकत आहे. ती मी आधी समितीला रीतसर अर्जाने कळवली होती. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दरम्यान परिपत्रकातला तोच परिच्छेद जसाच्या तसा उचलून सातपूर आणि अंबडच्या काही कारखान्यांनी आपल्या निविदांत घातला. प्रश्न आता एका संस्थेपुरता राहिलेला नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. माझा आक्षेप अटीपुरता असल्यामुळे संस्थेचे नाव मात्र मुद्दाम लिहिलेले नाही.

माझा यात काय संबंध, हे आधी सांगतो. नाशिक आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान-मध्यम कारखान्यांच्या सर्व्हरची देखभाल हा माझा व्यवसाय आहे, आणि आपल्याच एका महाविद्यालयात मी अभ्यागत म्हणून लिनक्स प्रशासनाची प्रात्यक्षिके घेतो. ज्या सर्व्हरवर पगारपत्रक, जीएसटीची बिले किंवा उत्पादनाचा हिशेब चालतो, तिथे एंटरप्राइझ लिनक्सचे सबस्क्रिप्शन घ्यावे असा माझाच आग्रह असतो आणि ते घेऊन देण्याचे कामही मी करतो. म्हणजे आपल्या अटीने माझ्या धंद्याचे नुकसान होत नाही, झाला तर फायदाच होईल. तरीही ती अट मला मान्य नाही, कारण जे आपण विकत घेणार आहात ते कुठून येते, याचा तिच्यात विचारच झालेला दिसत नाही.

परिपत्रक वाचून असा समज होतो की एंटरप्राइझ लिनक्स हा पक्का माल आणि फेडोरा हा त्याच दुकानातला फुकटचा, दुय्यम माल. प्रत्यक्षात ही एकाच कामाची दोन टोके आहेत. रेड हॅट या कंपनीने २००३ मध्ये आपले जुने रेड हॅट लिनक्स थांबवले आणि दोन वाटा केल्या: पैसे घेऊन दीर्घकाळ सांभाळायचे एंटरप्राइझ लिनक्स एकीकडे आणि सर्वांना खुले असलेले फेडोरा दुसरीकडे. फेडोराची पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आली. पुढे २०१४ चे एंटरप्राइझ ७ हे फेडोरा १९ वरून, २०१९ चे एंटरप्राइझ ८ हे फेडोरा २८ वरून, २०२२ चे ९ हे फेडोरा ३४ वरून आणि मे २०२५ मध्ये आलेले १० हे फेडोरा ४० वरून घडवले गेले. आपल्या निविदेत ज्या आवृत्तीला मान्यता आहे, ती काही वर्षांपूर्वी आपण बंदी घातलेल्याच यादीतली होती. द्राक्षबागायतदारांच्या या जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. डॉगरिज या खुंटाच्या जातीची द्राक्षे कोणी बाजारात नेत नाही, पण खुंट नको आणि थॉमसनचे कलम तेवढे द्या, असे रोपवाटिकेत जाऊन कोणी म्हणत नाही.

हा प्रवास कसा होतो, ते थोडे तपशिलात सांगणे भाग आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा), जीलिबसी (बहुतेक प्रोग्राम ज्याच्यावर चालतात तो मूळ कोड-संग्रह), जीनोम (डेस्कटॉप), पायथन अशा मूळ प्रकल्पांत झालेला बदल आधी फेडोराच्या रॉहाइड या सतत बदलत्या शाखेत येतो. तिथून साधारण दर सहा महिन्यांनी फेडोराची आवृत्ती निघते आणि ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. नवे पॅकेज थेट सर्वांच्या यंत्रावर जात नाही. ते चाचणीच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) थांबते, आणि बोधी नावाच्या प्रणालीवर वापरणारे लोक ते आपल्या यंत्रावर चालवून ‘चालते’ किंवा ‘मोडले’ असा शेरा देतात. हा शेरा देणारा कंपनीचा नोकर असेलच असे नाही. तो ब्राझीलमधला विद्यार्थी असेल, नाहीतर नाशिकरोडचा. याच्या जोडीला ईएलएन नावाचा उपक्रम चालतो, ज्यात रॉहाइडची पॅकेजे एंटरप्राइझच्या नियमांनी पुन्हा बांधून पाहिली जातात, म्हणजे पुढच्या मोठ्या आवृत्तीत काय मोडणार आहे ते आधीच कळते. दर तीन वर्षांनी यातून सेंटॉस स्ट्रीमची नवी शाखा फुटते, तिच्यावर कंपनीचे अभियंते उघड्यावर काम करतात, आणि त्याच शाखेतून दर सहा महिन्यांनी एंटरप्राइझ लिनक्सची छोटी आवृत्ती काढली जाते. आपण जे दहा वर्षांच्या हमीने विकत घेता, त्याच्या आधी ही सगळी घासाघीस झालेली असते.

म्हणूनच जो फेडोरा पाहतो त्याला पुढच्या एंटरप्राइझची बरीचशी कल्पना आधीच असते. यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारे सिस्टिमडी जुन्या इनिट स्क्रिप्टच्या जागी फेडोरात २०११ मध्ये आले, एंटरप्राइझमध्ये २०१४ मध्ये. इनिट स्क्रिप्ट तोंडपाठ असलेल्या प्रशासकांची जी तारांबळ २०१४ नंतर उडाली, ती फेडोरावाल्यांची तोवर उडून शमलीही होती. पॅकेजे बसवणाऱ्या यम या साधनाच्या जागी डीएनएफ फेडोरा २२ मध्ये २०१५ साली आले, एंटरप्राइझ ८ मध्ये २०१९ साली. सगळेच झिरपते असे मात्र नाही, आणि हेही समितीने नीट समजून घ्यावे. बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली फेडोराने २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी आपोआप निवडली जाणारी केली, तर एंटरप्राइझने ती ८ मधून काढूनच टाकली आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीवर भिस्त ठेवली. चाळणी दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे फक्त शेवटचा माल पाहणाऱ्याला काय गाळले गेले आणि का, हे कधीच कळत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार सुरक्षिततेच्या मुद्द्याबद्दल आहे, कारण परिपत्रकात बंदीचे मुख्य कारण तेच दिले आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आकुंचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरला आहे. त्यांना तो सापडला तो डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करताना, एसएसएचने (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या साधनाने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा करताना. तोवर तो कोड डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोरा रॉहाइडमध्ये, फेडोरा ४० च्या प्रकाशनपूर्व आवृत्तीत आणि ओपनसुसेच्या टंबलवीड या सतत बदलत्या शाखेत पोहोचला होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या एकाही आवृत्तीत तो पोहोचला नव्हता. या घटनेचा अर्थ ‘समुदायाचे लिनक्स धोकादायक’ असा लावता येईल, आणि अर्धा अर्थ तोच आहे: फीच्या सर्व्हरवर रॉहाइड टाका असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. पण उरलेला अर्धा असा की, एंटरप्राइझ वाचले ते कोणीतरी त्याच्या पुढे उभे होते म्हणून. जे लोक पुढे उभे राहून धोका अंगावर घेतात, त्यांना ‘कोणाचीही जबाबदारी नसलेले’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय जिथे अर्धा सेकंद उशीर का झाला हे खोदून पाहायची सवय लागते, ती जागा म्हणजे प्रयोगशाळाच, आणि नेमकी तीच आपण बंद करत आहात.

दुसरी तक्रार सेंटॉसच्या दाखल्याबद्दल. ‘सेंटॉस अचानक बंद पडल्याचा अनुभव लक्षात घेता’ असे परिपत्रकाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. अनुभव खरा आहे. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. मलाही तेव्हा ग्राहकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. पण यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. सेंटॉस लिनक्स हे प्रवाहाच्या वरचे नव्हतेच. एंटरप्राइझचा कोड घेऊन तो पुन्हा बांधणारी ती खालच्या टोकाची प्रत होती, आणि २०१४ पासून ती रेड हॅटच्याच छत्राखाली होती. तो निर्णय स्वयंसेवकांच्या कंटाळ्यातून झाला नाही. प्रायोजक कंपनीने आपले लक्ष स्ट्रीमवर वळवण्याचे ठरवले म्हणून झाला. वाऱ्यावर सोडलेल्या वापरकर्त्यांसाठी २०२१ च्या पूर्वार्धातच अल्मालिनक्स (क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने) आणि रॉकी लिनक्स उभी राहिली ती पुन्हा समुदायाच्या बळावर. जून २०२३ मध्ये रेड हॅटने एंटरप्राइझचा सार्वजनिक कोड फक्त सेंटॉस स्ट्रीममधूनच मिळेल असे ठरवले. ते धोरण मला आजही पटलेले नाही, पण त्याचा एक परिणाम स्पष्ट आहे: ग्राहक नसलेल्या माणसाला एंटरप्राइझच्या स्वयंपाकघरात डोकावायची स्ट्रीम ही आता एकमेव अधिकृत खिडकी आहे. आपण तिलाच कडी घातली.

तिसरी तक्रार सर्वांत निकडीची आहे आणि ती पैशाची आहे. आपल्या प्रयोगशाळांतील बरीच यंत्रे २०१२ च्या आसपासची आहेत. एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ या पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ सूचना असलेला. इंटेलमध्ये ती २०१३ च्या हॅस्वेल या प्रोसेसर-पिढीपासून आली, आणि नंतरच्याही काही स्वस्त पेंटियम-सेलेरॉन प्रोसेसरांत ती नाही. मी आपल्या एका महाविद्यालयातील जुन्या यंत्रावर सेंटॉस स्ट्रीम १० चा पेनड्राइव्ह लावून पाहिला. कर्नलच्या ओळी पडद्यावरून सरकल्या आणि मग एकच ओळ आली: ‘फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही३’. त्यानंतर कर्नल पॅनिक, म्हणजे यंत्र जागीच ठप्प, आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहिला. स्ट्रीम १० डिसेंबर २०२४ मध्येच सर्वांसाठी उपलब्ध होते. ज्याने ते एका यंत्रावर लावले असते त्याला एंटरप्राइझ १० येण्याच्या कितीतरी आधी हे कळले असते. आपली अट अमलात आली तर या यंत्रांवर जुनी आवृत्ती ठेवावी लागेल किंवा चालती यंत्रे भंगारात काढावी लागतील. फेडोरा त्यांच्यावर आजही चालते, आणि ते का चालते तेही सांगतो: २०१९ मध्ये फेडोरातच एव्हीएक्स२ सक्तीचे करण्याचा प्रस्ताव आला होता, वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि तो फेटाळला गेला. अल्मालिनक्सने १० ची जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, तीही समुदायाच्या आग्रहाखातरच टिकून आहे. सामान्य माणसाच्या जुन्या यंत्राची बाजू घेणारे कोणी असेल तर ते या टोकाला असते.

चौथी तक्रार थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात वादाला जागा नाही. आपल्या संस्थेच्या सध्याच्या एंटरप्राइझ सर्व्हरवर फेलटूबॅन (वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारे) आणि सर्टबॉट (संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र आणणारे) चालतात, आणि सांख्यिकी विभागाला आर भाषा लागते. ही तिन्ही एंटरप्राइझच्या मूळ संचात नाहीत; ती ईपेल या रिपॉझिटरीतून येतात, आणि ईपेल सांभाळतात फेडोराचे स्वयंसेवक. आपले परिपत्रक शब्दशः पाळायचे ठरवले तर संस्थेच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्रसुद्धा पुढच्या वेळी नूतनीकरण होणार नाही. हीच गत डेबियनची. उबुंटू तिच्यातूनच घडते आणि सी-डॅकचे बॉस लिनक्सही तिच्यावरच बेतलेले आहे. त्यामुळे ‘डेबियन नको, पण देशी बॉस चालेल’ असा जो तोंडी दिलासा मला एका सदस्याने दिला, त्याचे काय करावे हे मला समजलेले नाही.

शेवटची तक्रार बग नोंदवण्यावरील बंदीची, आणि मला ती सर्वांत जास्त टोचते. आपल्याच प्रयोगशाळेत फेडोराची बीटा आवृत्ती वापरताना एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले की यंत्र झोपेतून जागे झाल्यावर तारेचे नेटवर्क परत येत नाही. केबल काढून पुन्हा लावली तरी दिवा पेटत नाही. यंत्र पुन्हा सुरू करणे हा अशा वेळी सगळ्यांचा उपाय असतो. तिने जर्नलमधल्या (यंत्राच्या नोंदवहीतल्या) त्या वेळेच्या ओळी वेगळ्या काढल्या, आधीच्या कर्नलवर तेच करून पाहिले, नेटवर्क कार्डाचा क्रमांक टिपला आणि बगझिला या फेडोराच्या दोष-नोंदणी स्थळावर नोंद केली. कर्नल सांभाळणाऱ्याने तिला एक तात्पुरती बांधणी करून दिली, ती तिने लावून पाहिली, चालते असे कळवले, आणि पुढे दुरुस्ती बोधीवर आली तेव्हा शेराही दिला. या सगळ्यात संस्थेची कोणती गुपिते बाहेर गेली, ते समितीने सांगावे. तेच कार्ड असलेली यंत्रे अंबडमध्येही आहेत. अशा दुरुस्त्या मूळ कर्नलमध्ये गेल्या की त्या एंटरप्राइझपर्यंतही पोहोचतात, आणि न नोंदवलेला दोष मात्र त्याच वाटेने दहा वर्षांच्या हमीत जाऊन बसतो. मग सबस्क्रिप्शन असूनही तक्रार नोंदवा, वाट पाहा, पुढच्या छोट्या आवृत्तीत बघू, हे ऐकावे लागते.

मराठीचेही तसेच आहे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ मधला ‘ऱ्य’ टाइप करताना आणि छापताना फुटतो का, हे तपासायला दुसऱ्या देशातला अभियंता येणार नाही. फेडोराच्या चाचणीच्या काळात आपण ते पाहिले आणि कळवले तर दुरुस्त होते. एंटरप्राइझची आवृत्ती निघाल्यावर फॉन्टसाठी सहसा कोणी हालचाल करत नाही.

विद्यार्थ्यांना नोकऱ्या एंटरप्राइझ लिनक्सवरच मिळतात, त्यामुळे तेच शिकवावे, हा समितीचा मुद्दा मी नाकारत नाही. पण त्यासाठी प्रत्येक यंत्राचे सबस्क्रिप्शन लागत नाही. २०२१ पासून रेड हॅटचे व्यक्तिगत विकसकांसाठीचे सबस्क्रिप्शन १६ यंत्रांपर्यंत मोफत आहे. विद्यार्थी ते आपल्या नावाने घेऊन घरच्या लॅपटॉपवर खरेखुरे एंटरप्राइझ लिनक्स शिकू शकतो. आणि मुलाखतीत जेव्हा विचारतात की अमुक बदल एंटरप्राइझमध्ये का आला, तेव्हा उत्तर फक्त तोच देतो ज्याने तो बदल फेडोरात येताना पाहिलेला असतो.

माझ्या मागण्या अशा आहेत. सर्व संगणकांसाठी असलेली सरसकट अट रद्द करावी आणि ती फी, परीक्षा, पगार व संकेतस्थळ यांच्या सर्व्हरपुरती ठेवावी. तिथे सबस्क्रिप्शन जरूर घ्यावे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. प्रयोगशाळा आणि ग्रंथालयात फेडोरा व डेबियन चालू द्यावीत. प्रत्येक महाविद्यालयात किमान एका यंत्रावर सेंटॉस स्ट्रीमची चालू शाखा ठेवावी आणि नवी एंटरप्राइझ आवृत्ती खरेदी करण्याआधी संस्थेचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि जुने प्रोसेसर तिच्यावर तपासल्याचा लेखी अहवाल समितीपुढे यावा. निविदेत ईपेलचा स्पष्ट उल्लेख करून कोणती पॅकेजे तिथून घेतली जातात आणि ती कोण पाहते, याची यादी ठेवावी. बग नोंदवण्यावरील बंदी तत्काळ मागे घ्यावी. लॉगमधून खासगी माहिती कशी गाळायची, याचे एक पानभर नियम करून द्यावेत, मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. विद्यार्थ्याने केलेली आणि स्वीकारली गेलेली दुरुस्ती किंवा चाचणी प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरावी, ही मागणी अभ्यासमंडळाच्या अखत्यारीत येते हे मला ठाऊक आहे, पण तशी शिफारस समितीला करता येईल.

सातपूर-अंबडच्या ज्या कारखान्यांनी हा परिच्छेद आपल्या निविदांत उतरवला आहे, त्यांनीही तो तूर्त स्थगित ठेवावा, अशी त्यांना विनंती आहे. त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या यंत्रांची प्रोसेसर-पातळी तपासून हवी असेल तर मी येऊन ती विनामूल्य तपासून देईन.

सत्र सुरू होण्याआधी समितीची आणखी एक बैठक होणार असल्याचे समजते. त्या बैठकीत मला आणि संगणक विभागातील एका प्राध्यापकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह लेखी कळवावा. तोवर प्रयोगशाळांतील यंत्रे पुसण्याचे काम थांबवावे.

आपला विश्वासू,
एक सर्व्हर प्रशासक व अभ्यागत अध्यापक,
नाशिक